पसंतीक्रम

संध्याकाळी पाचला खिडकी बंद होणार.
खिडकी म्हणजे पडद्यावरचीच,
आणि मी अजून पहिल्याच रकान्यावर.
गणित. संख्याशास्त्र.
दोन्ही, तीन वर्षांचं.
दोन्ही, चार वर्षांचं, शेवटी संशोधन.
किंवा एक मुख्य, एक गौण;
कोण मुख्य ते तुम्ही ठरवा.
वाशीच्या कॉलेजातले क्लार्क म्हणाले होते,
ताई, क्रम नीट लावा, मग बदलत नाही.
मागे उभ्या कुणाच्या तरी वडिलांनी विचारलं,
यातून बँकेत लागतात का हो?
क्लार्कनी पंख्याकडे पाहिलं.

माझे आप्पा दाणाबंदरात मापाडी.
काट्यापाशी उभं राहून सव्वीस वर्षं झाली.
मधूनच शेठ हाक मारतो, पार्टे, परखी घाला.
तिरक्या टोकाची नळी
पोत्याच्या कुशीत खुपसायची,
तळहातावर पंधरा-वीस दाणे,
त्यावरून अख्खी गाडी खरी की खोटी.
शितावरून भात, म्हणतात तसं.
मी सातवीत होते त्या साली
त्यांनी घाईत फक्त वरून काढलं
आणि बुडाची तूर ओली निघाली.
अकरा दिवसांची मजुरी गेली.
तेव्हापासून तीनदा खुपसतात:
वर, मध्ये, बुडाशी.
परवा मी सांगितलं, आप्पा,
पुस्तकात याला स्तरित नमुना म्हणतात.
म्हणाले, पुस्तकाला फुकट मिळालं.

त्यांच्या शर्टाच्या खिशात रोज दाणे सापडतात.
आई धुण्याआधी खिसा उलटा करते
आणि सगळं एका बरणीत टाकते,
मूग, तूर, गहू, कधी एखादी चवळी.
दहावीच्या सुट्टीत मी ती बरणी
कोपरखैरण्याच्या आमच्या दीड खोलीत
वर्तमानपत्रावर ओतली.
सकाळपासून दिवे लागेपर्यंत मोजलं.
सहा हजार चारशे तेरा.
तूर त्यातली दोन हजार एकशे आठ.
वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या,
माझा पहिला पक्का आकडा.
तेवढ्यात आप्पा आले.
आईने खिसा उलटा केला, बरणीत टाकला.
मी रडले. कुणालाच कळेना का.

वाघदरे मॅडमना मात्र कळलं असतं.
त्यांनी अकरावीत फळ्यावर लिहिलं, समजा,
दोनचं वर्गमूळ अपूर्णांकात बसतं.
आणि ते समजा त्यांनी असं चालवत नेलं
की सहाव्या ओळीत त्याने स्वतःच मान टाकली.
बसत नाही. कधीच नाही.
तुर्भ्यात नाही, ठाण्यात नाही,
माणसं नव्हती तेव्हाही नाही.
खडू ठेवून त्या हात झटकत म्हणाल्या,
ह्यात आता कुणी चिमूट घालू शकत नाही.
(चिमूट त्या म्हणाल्या नव्हत्या. ते मी ऐकलं.)

म्हणून एक: गणित. दोन: संख्याशास्त्र.
चार वाजून चाळीस.
मग वाटलं, वर्गमूळाला माझी गरज काय?
ते तसंही बसत नाहीये.
ओली तूर मात्र अजून कुठल्यातरी पोत्याच्या तळाशी आहे
आणि कुणाचे तरी अकरा दिवस
एका घाईच्या खुपसण्यावर अडकलेत.
एक: संख्याशास्त्र. दोन: गणित.
चार एक्कावन्न.
मग पुन्हा ती सहावी ओळ आठवली,
मॅडमचा पांढरा हात.

सायबरवाल्या जुनैदने खुर्ची ओढली,
म्हणाला, हर्षला, नेट जातंय हां,
दाबायचं तर दाब.
दाबलं.

घरी आप्पा पाय धूत होते.
काय टाकलंस पहिलं?
सांगितलं.
नक्की?
बहुधा, मी म्हटलं.
ते हसले, खिशात हात घातला
आणि आज आईच्या आधी
माझ्या तळहातावर उलटा केला.
मी मोजले नाहीत.
नुसतं पाहिलं: तूरच जास्त दिसत होती,
कोरडी.